गेट, गॉट, गेटिंग: एका छोट्या इंग्रजी शब्दाचा गुंता कसा सोडवायचा

आधीच सांगते, हे दाराचं गेट नाही आणि इंजिनीअरिंगवाली पोरं देतात ती परीक्षा पण नाही. हे जी-ई-टी वालं गेट. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात पण बोलताना दाराच्या गेटमधला ए लांब ओढायचा आणि ह्या गेटमधला नेट, जेट म्हणतो तसा झटकन उरकायचा. हा लेख त्या झटकन उरकायच्या शब्दाबद्दल आहे, जो इतका छोटा आहे की शिकवायला कोणी धड वेळच देत नाही आणि वाक्यात आला की भले भले अडखळतात.

माझी आत्या मागच्या वर्षी न्यू जर्सीला मुलाकडे निघाली होती, सूनबाईचं बाळंतपण होतं. जायच्या आधी दोन महिने रोज दुपारी जेवण झालं की वही घेऊन माझ्याकडे यायची, मला इंग्लिश बोलायला शिकव म्हणून. वहीत पहिल्याच पानावर तिने लिहिलेलं, गेट म्हणजे मिळणे. झालं, खालची ओळ सोडून पुढच्या शब्दावर. मग एक दिवस टीव्हीवर मालिका बघताना एकामागून एक वाक्यं कानावर पडली, 'इट्स गेटिंग कोल्ड', 'आय डोन्ट गेट इट', 'गेट हिम टू कॉल मी', 'लेट्स गेट गोइंग', आणि आत्याने वही मिटून टेबलावर आपटली. म्हणाली, अगं ह्या शब्दाला काही धरबंध आहे की नाही, थंडी मिळतेय म्हणजे काय?

मी म्हटलं आत्या, तू स्वतः दिवसभर 'लागणे' कसं वापरतेस ते बघ आधी. भूक लागली, ठेच लागली, पोराला नोकरी लागली, निकाल लागला, फोन लागत नाही, आंबा गोड लागला, गाडी फलाटाला लागली, आणि घाटात त्याच गाडीने कोणाला तरी गाडी लागली. तिची सून पंजाबी आहे, मराठी शिकत होती तेव्हाचा किस्सा घरात अजून सांगतात, कोणीतरी फोनवर म्हणालं की चुलत दिराला लागलं, तर ही आनंदाने म्हणाली अरे वा, कुठल्या कंपनीत? त्याचा गुडघा फुटला होता बिचाऱ्याचा.

तर गेट हे इंग्रजीतलं लागणे आहे. लागणे, मिळणे आणि होणे ह्या तिघांचं मिळून एक म्हणा हवं तर. आणि आपण लागणेचे अर्थ पाठ केलेले नाहीत, पुढेमागे काय शब्द आलाय त्यावरून आपल्याला कळतं. गेटचंही तेच करायचं, अर्थांची यादी पाठ करायची नाही, शेजारी कोण बसलंय ते बघायचं.

थोडा इतिहास, कंटाळा येत असेल तर हा एवढा पॅरा सोडून द्या. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, वायकिंग लोकांचा आहे. इ.स. ७९३ मध्ये लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांनी हल्ला केला तिथून त्यांच्या स्वाऱ्यांचा काळ धरतात, नंतर ते इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला चक्क घरं करून राहिले आणि त्यांच्या भाषेतला 'गेता' हा शब्द, अर्थ मिळवणे, इंग्रजीत शिरला. एग, स्काय, विंडो, नाइफ हे पण त्यांचेच. गंमत म्हणजे आजच्या आइसलँडच्या भाषेत हेच क्रियापद 'शकणे' ह्या अर्थाने चालतं. म्हणजे हा शब्द मूळचाच लवचिक आहे. आपण बटाटा आणि चावी पोर्तुगीजांकडून घेतली ती जशीच्या तशी ठेवली, इंग्रजांनी गेट घेतलं आणि त्याला घरातल्या सगळ्या कामांना जुंपलं.

पायरी १: गेटच्या पुढचा शब्द बघा

ही एक सवय लावून घेतली तर अर्धं काम झालं. वाक्यात गेट दिसलं की लगेच मराठी करायला जायचं नाही, एक शब्द पुढे जायचं आणि तिथे काय आहे ते बघायचं. वस्तू असेल तर मिळणे नाहीतर आणणे. थंड, ओला, म्हातारा असं विशेषण असेल तर होणे. जागा असेल तर पोचणे. ब्रोकन, स्टोलन, कॉट असलं रूप असेल तर कोणाचं तरी काहीतरी झालेलं आहे, बहुतेक वेळा वाईटच. आणि पुढे टू आणि त्याच्यापुढे क्रियापद असेल तर थांबा, तिथे खरी मजा आहे, ती सहाव्या पायरीला सांगते.

पायरी २: पुढे वस्तू

'आय गॉट अ जॉब' म्हणजे नोकरी लागली. 'आय गॉट युअर मेसेज' म्हणजे मेसेज मिळाला. इथपर्यंत आत्याची वही बरोबर आहे. पण 'कॅन यू गेट मी सम वॉटर?' ह्यात पाणी मिळायचं नाहीये, आणून द्यायचंय. साधी खूण अशी की वस्तू आपोआप आली तर मिळणे, कोणी उठून गेलं तर आणणे.

ह्याच घरात दोन प्रयोग आहेत जे पुस्तकात फार दिसत नाहीत पण परदेशात पहिल्या आठवड्यातच कानावर येतात. दाराची बेल वाजली की कोणीतरी ओरडतं 'आय विल गेट इट', म्हणजे मी बघते कोण आहे ते, दार मी उघडते. फोन वाजला तरी हेच. आणि हॉटेलात जेवण झाल्यावर समोरचा बिलावर हात ठेवून 'लेट मी गेट धिस' म्हणाला तर तो बिल पळवून नेत नाहीये, बिल मी देतो म्हणतोय, त्यावर आपल्या पद्धतीने दोनतीनदा नको नको करायला हरकत नाही.

आजारपणही इथेच येतं. सर्दी झाली म्हणजे 'आय गॉट अ कोल्ड'. ह्यातला तो छोटासा 'अ' विसरायचा नाही. 'आय गॉट कोल्ड' म्हटलं तर अर्थ होतो मला थंडी वाजायला लागली, मी गारठले. एका अक्षरात सर्दी आणि गारठा बदलतो. आत्याने हे वाक्य लाल पेनाने लिहून घेतलं होतं, ते का सांगते ते शेवटी कळेलच.

आता समजणे. 'आय गेट इट' म्हणजे कळलं. 'आय डिडन्ट गेट दॅट' म्हणजे काय म्हणालात ते नीट ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही. इथे आपल्याकडचा एक फार मोठा घोळ आहे, 'आय ॲम नॉट गेटिंग यू'. आपल्याकडे ऑफिसात हे वाक्य दर तासाला ऐकू येतं आणि सगळ्यांना कळतं त्यामुळे आपसात बोलताना काही बिघडत नाही. पण इंग्लंड अमेरिकेत कळणे ह्या अर्थाच्या गेटला सहसा गेटिंग करत नाहीत, जसं 'आय ॲम नोइंग' म्हणत नाहीत तसंच. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा एका अमेरिकन क्लायंटला कॉलवर तीनदा 'आय ॲम नॉट गेटिंग यू' म्हणाले, तो प्रत्येक वेळी म्हणायचा ओके, आणि माइक जवळ घेऊन अजून मोठ्याने तेच बोलायचा. त्याला वाटलं माझ्याकडे आवाज पोचत नाहीये. 'आय डोन्ट गेट व्हॉट यू मीन' म्हटलं असतं तर त्याने समजावून सांगितलं असतं, दहा मिनिटं वाचली असती आणि कानही.

पायरी ३: पुढे विशेषण

इथे गेट म्हणजे होणे, पण नुसतं असणे नाही, बदलणे. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे मी दमलेय, आत्ताची अवस्था. 'आय ॲम गेटिंग टायर्ड' म्हणजे दमायला लागलेय. मराठीत भूक लागलीय आणि भूक लागायला लागलीय ह्यात जो फरक आहे तोच. 'इट्स गेटिंग कोल्ड', थंडी वाढत चाललीय. 'गेट वेल सून', लवकर बऱ्या व्हा. 'गेट रेडी', आवर लवकर.

लग्न पण ह्याच खात्यात. 'वी गॉट मॅरीड इन मे' म्हणजे मे महिन्यात लग्न झालं, तो प्रसंग. 'वी आर मॅरीड' म्हणजे आम्ही नवरा-बायको आहोत, ती स्थिती. आणि मराठीत आपण कोणाशी लग्न केलं म्हणतो ना, त्या 'शी' मुळे आपल्या तोंडात 'गॉट मॅरीड विथ' येतं. ते चुकीचं. 'गॉट मॅरीड टू' म्हणायचं.

ह्यातलाच दुसरा आपला खास देशी नमुना म्हणजे 'आय ॲम गेटिंग लेट'. मला उशीर होतोय ह्याचं सरळ सरळ भाषांतर. भारतात कोणी भुवई उंचावणार नाही, पण तिकडे ह्यासाठी 'आय ॲम रनिंग लेट' किंवा 'आय ॲम गोइंग टू बी लेट' म्हणतात. 'इट्स गेटिंग लेट' मात्र अगदी बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा, रात्र होत चाललीय, बराच वेळ झाला. पाहुण्यांकडे बसलं असताना उठायच्या आधी म्हणतो ना, चला निघतो आता, बराच उशीर झाला, ते हे वाक्य. आणि ते म्हटल्यावर तिकडे लोक खरंच निघतात, दारात उभं राहून अर्धा तास गप्पा मारायची आपली पद्धत तिथे किती चालते ते आत्याला विचारायला हवं.

'गेट यूज्ड टू' म्हणजे सवय होणे. 'आय गॉट यूज्ड टू द कोल्ड', थंडीची सवय झाली. ह्याच्यापुढे क्रिया सांगायची असेल तर आयएनजी लावायचं, 'यूज्ड टू ड्रायव्हिंग', नुसतं 'ड्राइव्ह' नाही. शाळेत टूच्या पुढे मूळ रूप असं इतकं घोकून घेतलेलं असतं की हात तिकडेच जातो.

पायरी ४: पुढे जागा

पोचणे. 'आय गॉट टू द ऑफिस ॲट टेन', दहाला ऑफिसला पोचले. पण घरी, इथे, तिथे ह्यांना टू लागत नाही, 'गेट होम', 'गेट हिअर', 'गेट देअर'. मराठीतही घरी म्हटलं की पुढे 'ला' लावत नाही, घरीला पोचलो कोणी म्हणतं का, तसंच.

आता गाडीत चढणं उतरणं. आपण बसमधून उतरताना 'गेट डाऊन' म्हणतो, कंडक्टर पण म्हणतो, मास्तर पण म्हणतात. तिकडे बसमधून उतरणं म्हणजे 'गेट ऑफ'. गेट डाऊन म्हटलं की खाली वाक, खाली बस, किंवा झाडावरून भिंतीवरून खाली उतर असं वाटतं. नियम सोपा आहे, ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन आणि ऑफ, म्हणजे बस, ट्रेन, विमान. ज्यात वाकून शिरायचं आणि बसायचं त्याला इन आणि आऊट ऑफ, म्हणजे कार, टॅक्सी, रिक्षा. टांग मारून बसायचं असेल तर परत ऑन आणि ऑफ, म्हणजे सायकल, मोटरसायकल, घोडा. आत्याने लगेच विचारलं, आणि लोकलमध्ये वाकायला पण जागा नसते तिथे? मी म्हटलं तिथे तुला कोणी विचारत नाही, मागची बाईच तुला ऑन करते.

पायरी ५: पुढे स्टोलन, ब्रोकन, कट असलं काही

ह्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही रोजचे आहेत.

एक, काहीतरी अंगावर आलं. 'माय फोन गॉट स्टोलन', फोन चोरीला गेला. 'वी गॉट स्टक इन ट्रॅफिक', ट्रॅफिकमध्ये अडकलो. 'ही गॉट कॉट', पकडला गेला. इथे 'वॉज' पण चालतं पण गेटमध्ये एक हाय खाल्ल्याचा सूर आहे, अरे देवा हे झालं बघ असा. म्हणून पुलाचं उद्घाटन झालं, ठराव मंजूर झाला अशा सरकारी थाटाच्या वाक्यांना वॉज बरा दिसतो.

दोन, काम दुसऱ्याकडून करून घेणे. हे नीट बघा कारण इथे मराठी आपल्याला फसवते. आपण बिनधास्त म्हणतो मी केस कापले, मी गाडी दुरुस्त केली, मी घराला रंग दिला, आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं की केस सलूनमध्ये कापले, गाडी गॅरेजवाल्याने केली आणि रंग कंत्राटदाराने दिला, आपण फक्त पैसे दिले आणि डोकं खाल्लं. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की स्वतः कात्री घेऊन आरशासमोर उभं राहिल्याचं चित्र येतं. म्हणून 'आय गॉट माय हेअर कट'. क्रम महत्त्वाचा आहे, गॉट, मग वस्तू, मग कामाचं तिसरं रूप. 'आय गॉट द कार रिपेअर्ड', गाडी दुरुस्त करून घेतली. 'आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड', ब्लाउज शिवून घेतला. मराठीत 'करून घेतलं' बसत असेल तिथे हे डोळे मिटून लावा.

पायरी ६: पुढे टू, मिळालं लागलं लावलं

ही पायरी मला सगळ्यात आवडते कारण इथे मराठी माणसाला काही नवीन शिकायचंच नाही, फक्त आपल्याकडचे तीन शब्द कुठल्या खिशात ठेवायचे ते ठरवायचंय.

मिळालं. बघायला मिळालं, भेटायला मिळालं, खेळायला मिळालं. इंग्रजीत 'गॉट टू सी', 'गॉट टू मीट', 'गॉट टू प्ले'. अगदी तंतोतंत. 'आय गॉट टू सी स्नो', बर्फ बघायला मिळाला. आपल्या मिळालंमध्ये जी संधीची, नशिबाची चव आहे तीच इथे आहे.

लागलं. जावं लागेल, करावं लागतंय. हे 'हॅव गॉट टू'. 'आय हॅव गॉट टू गो', जायला हवं, जावंच लागेल. बोलताना हे इतकं दाबतात की 'आय गॉटा गो' एवढंच ऐकू येतं. पण भूतकाळ आला की गॉट बाजूला ठेवायचं. जावं लागलं म्हणजे 'आय हॅड टू गो'.

इथे घोळ कसा होतो बघा. आमच्या टीममधला एक मुलगा सोमवारी कॉलवर म्हणाला 'आय गॉट टू कम टू द ऑफिस ऑन संडे'. त्याला म्हणायचं होतं रविवारी ऑफिसला यावं लागलं, वैताग. पलीकडून बाईने जे ऐकलं ते म्हणजे रविवारी ऑफिसला यायला मिळालं, केवढं भाग्य. ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली 'ओह, नाइस!' तो आम्हाला म्युटवर विचारतो, ह्यात नाइस काय आहे? खरंच, मिळालं आणि लागलं ह्यातला फरक आपण मराठीत झोपेतही चुकणार नाही, आणि इंग्रजीत तोच गॉट आणि हॅडमधला फरक आहे. बोलायच्या आधी मनात मराठी वाक्य म्हणा. मिळालं आलं तर गॉट टू, लागलं आलं तर हॅड टू.

लावलं. करायला लावलं, खायला लावलं. ह्यात मध्ये माणूस येतो, 'आय गॉट हिम टू कॉल', त्याला फोन करायला लावला. मालिकेतलं 'गेट हिम टू कॉल मी' हेच, त्याला सांग मला फोन करायला. आपल्या लावलंमध्ये जबरदस्ती पण येते आणि लाडीगोडी पण येते, इंग्रजीने त्याचे दोन भाग केलेत. धाक दाखवून केलं तर 'मेड', म्हणजे 'आय मेड हिम ईट इट', इथे टू नाही. गोडीगुलाबीने, पटवून, गोष्ट सांगत सांगत भरवलं तर 'आय गॉट हिम टू ईट इट', इथे टू पाहिजेच. लहान मुलांच्या आयांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही, सकाळी गॉट असतं आणि शाळेची व्हॅन खाली येऊन हॉर्न मारायला लागली की त्याचं मेड होतं.

पायरी ७: शेपटीवाले गेट

गेटला अप, ओव्हर, थ्रू अशा शेपट्या लागल्या की अर्थ बदलतो. ह्यांच्या याद्या भरमसाठ मिळतात, दोनशे दोनशेच्या, त्या पाठ करू नका, झोप येते. मी आत्याला एवढेच दिले.

'गेट थ्रू', फोन लागणे. 'आय कुडन्ट गेट थ्रू', फोन लागलाच नाही. 'गेट डाऊन टू वर्क', कामाला लागणे. बघा, परत लागणेच. 'गेट अलाँग', पटणे. 'दे डोन्ट गेट अलाँग', त्यांचं पटत नाही, सासवा-सुनांच्या चर्चेत रोज लागणारा. ब्रिटिश लोक ह्यालाच 'गेट ऑन' म्हणतात. 'गेट ओव्हर', आजारातून किंवा दुःखातून सावरणे, पण कोणाला तोंडावर 'गेट ओव्हर इट' म्हणालात तर ते सांत्वन होत नाही, बास झालं आता तुझं रडगाणं असं होतं. 'गेट बाय', भागवणे, तुटपुंज्या पगारात किंवा तुटक्या इंग्रजीवर. 'गेट अवे विथ', म्हणजे पचणे, केलं आणि पचलं त्याला. 'गेट रिड ऑफ', एकदाची ब्याद घालवणे. 'गेट बॅक टू यू', नंतर कळवतो, आणि ऑफिसात हे ऐकलं की समजायचं बहुतेक कळवणार नाही.

सगळ्यात गोड म्हणजे 'गेट अराउंड टू'. 'आय नेव्हर गॉट अराउंड टू इट', मुहूर्तच लागला नाही. कपाट आवरणं, बँकेत केवायसी, डाएट, ह्या सगळ्यांसाठी.

'गेट लॉस्ट' म्हणजे चालता हो, पण 'वी गॉट लॉस्ट' म्हणजे वाट चुकलो, घाबरू नका. 'गेट आऊट' आपल्याकडे वर्गातून हाकलताना ऐकलेलं असतं म्हणून अमेरिकेत एखादी मैत्रीण डोळे मोठे करून 'गेट आऊट!' म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, ती काय सांगतेस काय म्हणतेय. आणि शेपटीवाल्या गेटपैकी दोन आपण मराठीत केव्हाच दत्तक घेतलेत, दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर आणि नाटकातला गेटअप.

पायरी ८: गॉट की गॉटन, आणि कुठे वापरायचं नाही

'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. रूप दिसायला जुनं पण अर्थ आत्ताचा, ब्रिटिश लोक हे फार वापरतात. अमेरिकेत 'आय हॅव गॉटन' पण म्हणतात आणि तिथे फरक असा, गॉट म्हणजे आहे, गॉटन म्हणजे मिळालं किंवा झालं. 'शी हॅज गॉटन टॉल', उंच झाली पोरगी. हे गॉटन म्हणजे अमेरिकनांनी बिघडवलेलं इंग्रजी असं आपल्याकडे बऱ्याच लोकांना वाटतं, ते खरं नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये काइनचा जन्म झाल्यावर हव्वेच्या तोंडी 'आय हॅव गॉटन अ मॅन' असंच वाक्य आहे. ब्रिटिशांनी ते नंतर बहुतेक सोडून दिलं, तिकडे गेलेल्यांनी जपलं. 'फरगॉटन' तर दोघेही म्हणतात. भारतात परीक्षेला लिहिताना गॉट लिहा, अमेरिकेत बोलताना गॉटन कानावर आलं तर दचकू नका, आणि एकदा जे धराल तेच धरा.

एक मोठी चूक, 'डिड यू गॉट?' डिड आलं की गॉट परत गेट होतं. 'डिड यू गेट माय मेल?' भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा, डिडने दाखवला की पुरे.

आणि आमच्या शाळेतल्या बाई गेट शब्दावर लाल रेघ मारायच्या, आळशी शब्द म्हणायच्या. बोलताना हा सल्ला बिलकुल ऐकू नका, गेट टाळून बोललात तर सरकारी पत्र वाचल्यासारखं वाटेल. पण अर्ज, प्रबंध, नोकरीचं पत्र असं लिहिताना बाईंचं बरोबर आहे, तिथे मिळालं असेल तर 'रिसीव्ह्ड', मिळवलं असेल तर 'ऑब्टेन्ड', झालं असेल तर 'बिकेम'. 'आय गॉट माय डिग्री' मित्राला, 'आय ऑब्टेन्ड माय डिग्री' कंपनीला.

आता थोडा सराव. हाताने झाकून आधी स्वतः करा, मग बघा.

नातवाला घ्यायला मिळालं: 'आय गॉट टू होल्ड माय ग्रँडसन'.

दात काढून घेतला: 'आय गॉट अ टूथ पुल्ड'. दात आपोआप पडला असेल तर गेट नको, 'माय टूथ फेल आऊट'.

तिला कारलं खायला लावलं, गोडीने: 'आय गॉट हर टू ईट कारलं'. कारल्याचं इंग्रजी शोधत बसू नका, ज्याने खाल्लंय त्याला कळतं.

रात्रभर जागावं लागलं: 'आय हॅड टू स्टे अप ऑल नाइट'. गॉट लिहिलं असेल तर सहावी पायरी परत वाचा.

मला यायला उशीर होईल: 'आय ॲम गोइंग टू बी लेट'. इथे गेट नाहीच, मुद्दाम टाकलंय.

आत्या पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला तिचा मेसेज आला, आयुष्यातला पहिला इंग्लिश मेसेज, देवनागरीत टाइप केलेला: 'गॉट हिअर. गॉट कोल्ड. गॉट टू होल्ड बेबी.' तीन वाक्यं, तीन गॉट, पोचले, गारठले, बाळाला घ्यायला मिळालं. मला मधल्यावर शंका आली, मी विचारलं आत्या, 'अ' राहिला का, सर्दी झालीय का? तर उत्तर आलं, नाही गं, दोन स्वेटर घातलेत.